पत्रीचे औषध आणि गोटमारीची जखम

(मंडळाच्या गणेशोत्सवात सावरगाव येथे दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून येथे छापले आहे.)



मंडळाने आम्हाला विषय दिला आहे तो असा : औषधी वनस्पती आणि रोगजंतू. विषय मोठा, आणि आम्ही वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि तेव्हापासून औषधवाटपाच्या खिडकीमागे बसून आहोत. कोणी कंपाउंडर म्हणते, कोणी साहेब म्हणते, म्हाताऱ्या बाया सरळ ‘गोळ्यावाला’ म्हणतात. त्यामुळे त्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच आज सांगणार आहोत.

बोलायला उभे राहण्याआधी आम्ही मोजून घेतले. पहिल्या चार ओळींत सात जणांच्या डोक्याला पट्टी आहे, दोघांचे हात गळ्यात आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटेल की इथे काही अपघात झाला. अपघात नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले गेले, त्यावर झेंडा चढला, आणि इकडून सावरगाव व तिकडून पांढुर्णा यांनी दरवर्षीप्रमाणे एकमेकांवर गोटे चालवले. गोटमारीचे बरेवाईट बोलायला पुष्कळ लोक आहेत, वर्तमानपत्रे तर दरवर्षी बोलतात. आम्ही त्यात पडत नाही. गोटा लागल्यावर पुढे काय होते, तेवढेच आमच्या खात्याचे.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्या चुकीची आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

पाच-सहा वर्षे झाली. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. घोट्याच्या वर गोटा लागला होता. पायाला धोतराचा फाडलेला तुकडा, त्याच्या कडेने हिरवा पाला बाहेर आलेला, त्यावर राख. आम्ही विचारले, “काय लावलं भाऊ?” ते म्हणाले, “दगडी पाला. लगेच थांबलं पाहा रक्त.” आम्ही म्हणालो, “चांगला असतो दगडी पाला.” एवढेच बोललो आणि पुढे गेलो. सुट्टीचा दिवस होता, घरी पाहुणे होते. टीडीचे इंजेक्शन घेतले का, हे विचारले नाही. कपडा सोडून पाहिले नाही.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर आले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. अंगात ताप. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, लाल, आणि पट्टी सोडली तेव्हा खोलीत थांबवत नव्हते. डॉक्टरांनी साखर तपासली तर तीनशेच्या वर. आपल्याला मधुमेह आहे हे त्या माणसाला तोवर माहीतच नव्हते. नागपूरला नेले. पाय वाचला, दोन बोटे गेली. ते आजही दर महिन्याला साखरेच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे येतात, बाकावर बसतात, पिकापाण्याचे बोलतात. त्या दिवशीच्या आमच्या शेऱ्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. हे सगळे सांगायची परवानगी त्यांच्याकडूनच घेतली आहे.

‘चांगला असतो’ हे वाक्य आम्ही बोललो ते खोटे होते का? त्या प्रश्नाने आम्हाला पुस्तके उघडायला लावली. त्यातून जे समजले ते असे.

दगडी पाला, कोणी त्याला एकदांडी म्हणते, कोणी कंबरमोडी, आपल्या धुऱ्यावर, पडक्या भिंतीवर, कुठेही उगवतो. खुरपताना विळा लागला की बाया तोच चुरगळून लावतात. रक्त लवकर थांबते हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे आणि प्रयोगशाळेत जनावरांवर केलेल्या प्रयोगांतही जखम भरायला त्याची मदत दिसली आहे. पण गंमत अशी की हे झाड आपले नव्हेच. ते मूळचे अमेरिका खंडातले, काही शतकांपूर्वी तिकडून आलेले. म्हणजे ‘ऋषिमुनींनी सांगितलेले’ असे आम्ही ज्याच्याबद्दल लहानपणी ऐकले, ते ऋषिमुनींनी पाहिलेलेसुद्धा नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांनी परक्या तणाचा उपयोग स्वतः पारखून घेतला. आम्हाला तर यात त्यांची हुशारी जास्तच दिसते.

वनस्पती मुळात जंतूंना मारणारे पदार्थ तयार का करतात, हे आधी पाहू. झाड पळू शकत नाही. मुळे ओल्या मातीत, आणि चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू. आपल्या रक्तात जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, झाडाकडे त्या नाहीत. तेव्हा त्याने स्वतःच्या सालीत, पानात, मुळात रसायने भरून ठेवली. ओव्यात थायमॉल असते, लवंगेत युजेनॉल. ही तेले जंतूच्या अंगावरचे पातळ आवरण फोडतात. डाळिंबाच्या सालीत, बाभळीच्या सालीत टॅनिन असते, ते तुरट लागते आणि जंतूंची प्रथिने बांधून टाकते. लसणाचे तर आणखी मजेशीर. अखंड पाकळीत ते औषध नसतेच. पाकळी ठेचली की आतले दोन पदार्थ एकत्र येतात आणि तेव्हा ॲलिसिन तयार होते, तोच तो उग्र वास. फोडणीत अख्खी पाकळी तळली तर चव येते, ॲलिसिन जवळजवळ तयारच होत नाही.

परवा चतुर्थीला आपण बाप्पाला पत्री वाहिली. एकवीस पानांच्या याद्या घरोघर थोड्या वेगळ्या असतात, पण त्यात दूर्वा, तुळस, बेल, आघाडा, माका, डाळिंब, जाई, अर्जुन, धोतरा, रुई, कण्हेर ही बहुतेक सापडतात. आम्ही इथे टेबलावर ती मांडून ठेवली आहेत, नंतर पोरांना दाखवा. आघाड्याच्या काडीने पूर्वी दात घासत. कच्च्या बेलाचा गर हगवणीवर देत. जाईचा पाला तोंड आले की चावत. या जाईच्याच पानांचे आयुर्वेदात जात्यादी तेल आहे, जखमेसाठी. त्यात कडुनिंब आहे, हळद आहे, दारुहळद आहे, आणि मोरचूदही आहे. मोरचूद म्हणजे ओळखीची वस्तू. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागला की आपण चुना आणि मोरचूद कालवून बोर्डोपेस्ट फासतो तीच. म्हणजे जुन्या वैद्यांनी नुसत्या पाल्यावर भरवसा ठेवला नव्हता, जोडीला तांबे घातले होते. आणि संत्र्याचे झाड पाहा. साल तेलाने भरलेली, पान चुरगळले तर हाताला वास येतो, तरी त्याला डिंक्या होतोच. झाडाचे स्वतःचे औषध झाडालाही दरवेळी पुरत नाही.

आणि याच पत्रीत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. कण्हेरीने हृदय बंद पडते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजर धोक्यात येते. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ असे जे कोणी म्हणते त्याला ही तीन पाने दाखवावीत.

आता मुद्द्यावर येतो. वर्तमानपत्रात वाचायला मिळते की अमुक पानाचा रस जंतू मारतो असे सिद्ध झाले. बातमी खोटी नसते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात, त्यावर रस टाकतात, आणि रसाच्या भोवती जंतू मरतात. पण बशीत रस जंतूच्या अंगावर पडतो. पोटात घेतलेल्या रसाला आतड्यातून रक्तात शिरायचे आहे, यकृतातून जायचे आहे, आणि उरलेला अंश पायाच्या हाडापर्यंत पोचायचा आहे. हळदीतले कर्क्युमिन घ्या. आतड्यातून ते इतके थोडे शोषले जाते की हळदीचे दूध पिऊन रक्तात जंतू मारण्याइतके ते जमा होत नाही. घशाला शेक बसतो, बरे वाटते, प्यावे. पण त्याने छातीतला न्यूमोनिया जाणार नाही.

तेव्हा आमच्या समजुतीप्रमाणे हिशेब असा लागतो. जिथे वनस्पतीचा रस जंतूला प्रत्यक्ष लागतो तिथे तिचा उपयोग आहे. तोंडात, हिरडीत, कातडीवर, खरचटल्यावर, काही अंशी आतड्यात. दातांचे डॉक्टर आजही लवंगेच्या तेलातले युजेनॉल वापरतात, ओव्यातले थायमॉल चूळ भरण्याच्या औषधात आहे. कातडीखाली, रक्तात, हाडात जंतू गेला की पाला त्याला गाठू शकत नाही. आमच्या त्या गृहस्थांच्या जखमेत वरचा पाला वरच राहिला आणि जंतू खाली चालत गेले.

हळदीवरून एक मोठी लढाई झाली ती आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट एका विद्यापीठाला मिळाले. तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने हरकत घेतली, जुने छापील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाचे युरोपातले बुरशीनाशकाचे पेटंट २००० साली असेच रद्द झाले. अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र त्या खटल्यात सिद्ध काय झाले, तर हा वापर जुना आहे, तुमचा शोध नव्हे. हळदीने कोणती जखम भरते, किती दिवसांत, कोणाची भरत नाही, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. भाषणांतून मात्र दोन्हींची सरमिसळ होते.

मग पोटात घेऊन जंतूला गाठणारे झाड जगात नाहीच का? आहे. आमच्या कपाटात आहे. फाल्सिपेरम मलेरियाची जी पाकिटे आम्ही वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची देतो, त्यातले मुख्य औषध आर्टेमिसिनिन नावाच्या पदार्थापासून बनते, आणि तो चीनमधल्या एका दवण्यासारख्या झुडपातून निघाला. तू योयो नावाच्या बाईंनी तो शोधला. जुन्या चिनी ग्रंथात ते झुडूप पाण्यात भिजवून पिळून घ्या असे होते, उकळा असे नव्हते. त्यावरून त्यांना सुचले की आपण तापवतो म्हणून औषध मरते. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि १९७२ साली शुद्ध पदार्थ हाती आला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याआधी दीडशे वर्षे क्विनीन होते, सिंकोना झाडाच्या सालीतले, १८२० साली वेगळे काढलेले. दोन्ही झाडेच. पण साल उगाळून किती घ्यायची हा अंदाजाचा मामला होता, गोळीत ते मोजून येते. झुडपातून गोळीपर्यंत आणणाऱ्या माणसांचे कष्ट मधे आहेत.

आपल्या मुलखातले उदाहरण कुष्ठरोगाचे. कोकण-सह्याद्रीत कडू कवठ नावाचे झाड आहे, सुश्रुताने त्याला तुवरक म्हटले. त्याच्या आणि त्याच्या भाऊबंद झाडांच्या बियांचे तेल हाच कुष्ठरोगावरचा जगभरचा इलाज होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले तेव्हा जगाच्या हाती मुख्यतः हेच तेल होते. पोटात घेतले तर उलटी होई, टोचले तर गळवे येत. काहींना गुण आला, पुष्कळांना आला नाही. चाळीसच्या दशकात डॅप्सोन आले, १९८२ पासून तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि तेल मागे पडले. त्या तेलाला आम्ही नावे ठेवणार नाही. दुसरे काही नव्हते तेव्हा त्याने माणसांना धीर दिला. पण आज कोणी कुष्ठरोग्याला तेच तेल चोळत बसेल तर तो गुन्हा होईल.

दारुहळदीची एक हकिकत आम्हाला फार आवडते. तिच्यात बर्बेरिन नावाचा पिवळा पदार्थ असतो. पू करणारे काही जंतू हे बर्बेरिन आत आले की पंपाने पाणी उपसावे तसे ते बाहेर फेकतात. संशोधकांना २००० साली आढळले की दारुहळदीच्या जातीतल्या झाडांत आणखी एक पदार्थ असतो. तो स्वतः जंतू मारत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो. झाडाने विहिरीवरची मोटार आधी बंद केली आणि मग विष सोडले! आजची औषधे जंतूंवर चालेनाशी होत आहेत, तेव्हा अशा पंप बंद करणाऱ्या पदार्थांचा शोध जगभर चालू आहे. आमच्या मते वनस्पतींकडून खरी आशा इथे आहे.

औषधे चालेनाशी का होतात याला मात्र आपणही जबाबदार आहोत. बहुतेक ॲन्टिबायोटिक झाडातून आलेलीच नाहीत, ती बुरशी आणि मातीतल्या जंतूंपासून आली. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला, तेव्हा पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागले. एवढ्या कष्टाने मिळालेली वस्तू आपण कशी वापरतो? सर्दी झाली, दोन कॅप्सूल. ताप उतरला, उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळी शेजाऱ्याला. लिंबाच्या खैऱ्या रोगावर फवारणीत तेच. पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याचसाठी की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. केरळपाठोपाठ आपल्या मध्य प्रदेशाने २०१९ साली यासाठी राज्याचा कृती-आराखडा केला. आराखडा भोपाळला आहे, खिडकीवर आम्ही आहोत, आणि “साहेब, दोन लाल-काळ्या द्या ना” म्हणणारे तुम्ही आहात. साध्या सर्दी-पडशाला, घसा खवखवला तर, ओवा, तुळस, आले, मिठाच्या गुळण्या यांवर तीन दिवस काढले तर ती कॅप्सूल वाचते आणि खऱ्या गरजेच्या दिवशी चालते. झाडपाल्याचा हा उपयोग आमच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि त्याला कोणी विचारत नाही.

शेवटी धनुर्वाताचे. त्याचा जंतू मातीत आणि शेणात असतो, बियांसारखा झोपून राहतो, आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल, झाकलेल्या जखमेत जागा होतो. नदीच्या पात्रातला गोटा, त्यावर पाला, त्यावर राख, वरून घट्ट कपडा : त्याला पाहिजे ते सगळे आपण देतो. लागल्यापासून साधारण तीन दिवस ते तीन आठवडे एवढ्यात तो केव्हाही दिसतो. आता तिथी मोजा. गोटमार प्रतिपदेला, बाप्पा चतुर्थीला बसतात, म्हणजे तीन दिवस. विसर्जन चतुर्दशीला, म्हणजे तेरा. हा सगळा उत्सव त्या मुदतीच्या आत पडतो. जगातले कोणतेही झाड धनुर्वात थांबवत नाही. लस थांबवते. बाळाच्या नाळेला शेण-राख लावणे बंद झाले, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, गरोदर बायांना सुई मिळू लागली, आणि २०१५ साली देशात नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. गोट्याच्या जखमेला वेगळा नियम नाही.

चंडीमातेच्या विभूतीबद्दल आम्हाला दरवर्षी विचारतात. विभूती कपाळाला लावा, गळ्याला लावा, आम्हीही लावतो. जखमेच्या आत घालू नका. जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवा. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी घेतले तरी चालेल, त्यात उकळणेच मोठे काम करते. स्वच्छ कपड्याने दाबून धरा. नुसते खरचटले असेल तर हळद लावा, दगडी पाला लावा, आम्ही अडवणार नाही. पण जखम उघडी तोंडाची असेल, हाड दिसत असेल, माती आत असेल, साखरेचा त्रास असेल, तर पाला नको. टाके आणि टीडी. शेवटची सुई पाच वर्षांपूर्वीची असेल तर घाण जखमेला ती पुन्हा लागते. चार दिवस उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, आजही घेता येते.

कार्यकर्ते घड्याळ दाखवताहेत, आरतीची वेळ झाली. टेबलावरची पत्री पाहायला पोरांनी जरूर यावे, फक्त कण्हेर आणि धोतऱ्याला हात लावून तोंडात बोट घालू नये. ज्यांची टीडी राहिली असेल त्यांनी उद्या सकाळी नऊ वाजता खिडकीवर यावे. यंदा आम्ही घरोघर फिरून विचारणार आहोत, तेव्हा दारात पाय लपवू नका. आणि ज्यांनी आताच पट्टीच्या आत पाला ठेवला आहे, ते तिघे आम्हाला इथून दिसताहेत, त्यांनी आरती झाल्यावर थांबावे. पाणी, साबण आणि कापूस आम्ही सोबत आणला आहे.